यावलचा ताव

जुन्या सावकारी बहीतला एखादा ताव हाती आला, की त्यावरचा मजकूर वाचण्याआधी तो खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरायचा, अशी मला फार दिवसांची खोड आहे. गिरणीचा कागद असला तर त्यातून उजेड सपाट आणि एकसारखा पाझरतो. परंतु हाताने केलेला देशी कागद असला, तर गवताच्या काड्यांच्या चाळणीने उठविलेल्या बारीक समांतर रेषा, त्यांना आडव्या छेदणाऱ्या दोऱ्यांच्या विरळ खुणा, कोठे कुटावयाचा राहून गेलेला तागाचा धागा, कोठे चुन्याचा मोहरीएवढा पांढरा ठिपका, आणि घोट्याने घासघासून आलेली, बोटाला किंचित गार लागणारी झिलई, असा त्या तावाचा सारा जन्मवृत्तान्त एका दृष्टिक्षेपात उलगडतो. त्यावर बोरूने लिहिलेली मोडी अक्षरे शतक उलटून गेल्यावरही काळीभोर असतात, हे निराळेच.

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस, केळीच्या बागांनी वेढलेले यावल आज जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठाणे म्हणून ओळखले जाते. शिंद्यांनी १७८८ साली ते निंबाळकरांस दिले, निंबाळकरांच्या नावाने सांगितला जाणारा किल्ला गावात आजही उभा आहे, आणि १८४३-४४ च्या सुमारास ग्वाल्हेर दरबाराकडून हा मुलूख कायमचा इंग्रजी अमलाखाली गेला, एवढा राजकीय इतिहास गावातील जाणत्या माणसांस ठाऊक असतो. परंतु इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी यावलची ओळख करून देताना किल्ल्याइतकेच महत्त्व आणखी दोन जिनसांना दिले आहे: जाडाभरडा देशी कागद आणि नीळ. या दोहोंसाठी गाव एके काळी प्रसिद्ध होते, असे ते लिहितात. एरंडोलच्या कागदाविषयीही त्यांचा सूर साधारण असाच आहे. तेथे धंदा थोडाफार तग धरून असल्याची पुस्ती तेवढी जोडलेली आढळते. निळीचे मरण सर्वांस माहीत आहे. १८९७ पासून जर्मनीतील रासायनिक नीळ बाजारात येऊ लागली आणि शेतातील निळीचे दिवस भरले. कागदाच्या वाट्याला हे ‘एके काळी’ कसे आले, हे मात्र कोणी फारसे विचारीत नाही.

हा धंदा कसा चाले, ते आधी पाहू. दख्खन आणि खानदेश या दोन्ही प्रांतांत कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांस ‘कागदी’ म्हणत. दौलताबादेजवळचा कागजीपुरा, जुन्नरची कागदी वस्ती, पेशवाईत जुन्नरहून आणलेल्या कारागिरांनी पुण्याच्या कसबा पेठेत वसविलेला कागदीपुरा, ही नावे त्या धंद्याची जिती स्मारके होत. कच्चा माल म्हणजे जगाने टाकून दिलेले सामान: फाटकी गोणपाटे, झिजलेले दोरखंड, चिंध्या. त्यांचे तुकडे करून ते भिजवावयाचे, चुन्याच्या पाण्यात मुरवावयाचे, पायाने चालविण्याच्या ढेकीखाली कुटावयाचे, वाहत्या पाण्यात धुवावयाचे, पुन्हा चुन्यात घालून पुन्हा कुटावयाचे, असे अनेक दिवस चाले. मग तो लगदा पाण्याच्या हौदात ढवळून त्यात कागदी आपली छापरी, म्हणजे लाकडी चौकटीवर ठेवलेली गवताच्या काड्यांची चटई, बुडवी आणि मनगटाला एक हलका हेलकावा देऊन वर काढी. त्या हेलकाव्यातच त्याची सारी विद्या सामावलेली असे, कारण तो चुकला तर ताव एका कडेस जाड आणि दुसऱ्या कडेस झिरझिरीत होई. ओले ताव एकावर एक रचून, दाबून, पाणी निथळले म्हणजे ते कुंचल्याने गुळगुळीत भिंतीवर चिकटवीत. वाळल्यावर खळ लावीत. आणि ती खळ मुरली की फळीवर ठेवून दगडाने घोटीत. खळ नसेल तर शाई फुटे आणि घोटाई नसेल तर बोरू अडखळे. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम, हा हिशेब पुढे गिरणीच्या कागदालाही जसाच्या तसा लागू झाला.

आता असा कागद विकत घेई कोण? शेतकऱ्यास कागदाशी कर्तव्य नव्हते. ग्रंथ लिहविणारे मठ-मंदिरवाले आणि बह्या बांधणारे सावकार-व्यापारी हे गिऱ्हाईक होतेच. परंतु सर्वांत भुकेले गिऱ्हाईक म्हणजे राज्याचे दप्तर. मराठी राज्य हे, घोड्यावर बसलेले होते तरी, कागदावर चालणारे राज्य होते. गावच्या कुळकर्ण्याच्या रुमालापासून हुजूर दप्तरापर्यंत झाडे, ताळेबंद, याद्या, सनदा, रोजकीर्दी यांचा जो डोंगर उभा राहिला, त्याचा प्रत्येक ताव कोणत्या तरी कागद्याने हौदातून वर काढलेला होता. तेव्हा दप्तर चालू असणे, हेच कागद्याचे पोट.

अर्थात सरकार हे गिऱ्हाईक नेहमीच सुखाचे नसते, आणि पूर्वीही नसे. जुन्या सनदांत वतनदारास कोणकोणत्या उपद्रवांची माफी दिली त्याच्या याद्या असतात. त्यांत वेठबिगारीच्या शेजारीच ‘फडफर्मास’ हा शब्द बसलेला आढळतो. फर्मास म्हणजे सरकारी मागणी, आणि ती मागणी माफ होणे ही कृपा समजली जाई, यावरून तिचा मोबदला कसा आणि केव्हा मिळत असेल, हे उमगते. परंतु या चालीच्या विरुद्ध जाणारा एक प्रवाहही मराठी राज्यकारभारात स्पष्ट दिसतो. शिवछत्रपतींनी १६७३ साली चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या लष्करी अधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात, दाणा, वैरण, भाजी जे लागेल ते बाजारातून रास्त विकत आणावे, रयतेस काडीचा उपद्रव देऊ नये, अशी ताकीद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय निघाला, तेव्हा रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर तेही धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असे सांगितले आहे. सरकारने लहान माणसाकडून वस्तू कशी घ्यावी, याविषयी आज जे नियम शेकडो पृष्ठांच्या पुस्तिकांत लिहिलेले असतात, त्यांचा गाभा माझ्या मते या दोन जागी, थोड्या शब्दांत येऊन गेलेला आहे.

इंग्रजी अंमल आला तेव्हा दप्तर आटले नाही. उलट ते शतपटीने फुगले. जमिनीची मोजणी, प्रतवारी, खातेवार नोंद, दरवर्षाची जमाबंदी, दिवाणी-फौजदारीची मिसलबंद प्रकरणे, पोलिसांची रोजनामी, यांना कागद लागे तो रीमांनी लागे. ही मोजणी खानदेशात इतकी अप्रिय झाली, की १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत तिच्याविरुद्ध दंगे उसळले. यावलच्या अगदी उंबऱ्यातली ही गोष्ट. वरकरणी पाहता कागद्यांना याहून सुगीचा काळ कोणता असावयाचा?

येथे सर चार्ल्स वुड या गृहस्थांचा प्रवेश होतो. आपल्याकडे हे नाव शिक्षणाच्या इतिहासात गौरवाने घेतले जाते, कारण १८५४ चा तो प्रख्यात शैक्षणिक खलिता त्यांचाच. त्या खलित्याने खेडोपाडी शाळा निघाल्या, शाळांमागे पुस्तके आली, पुस्तकांमागे कागदाची गरज आली. हेच वुड १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री असताना, हिंदुस्थान सरकारला लागणारा सर्व कागद विलायतेतच खरेदी करावा, असा हुकूम निघाला. आणि त्या हुकमाने येथील वाढत्या कागदउत्पादनाला जबर धक्का बसला, अशी नोंद पुढे सर जॉर्ज वॅट यांनी हिंदुस्थानच्या व्यापारी उत्पन्नांवरील आपल्या १९०८ च्या कोशात केली आहे. वॅट हे सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते, सभेत भाषणे करणारे पुढारी नव्हते, म्हणून त्यांच्या साक्षीचे वजन अधिक. ज्या हाताने कागदाची भूक निर्माण केली, त्याच हाताने ती भागविण्याचा हक्क येथील कारागिराकडून काढून घेतला, आणि यासाठी एकाही कागद्याच्या हौदाला हात लावावा लागला नाही.

त्या हुकमाचा मार्ग सरळ होता. कचेरीने मागणीपत्रक भरावयाचे, ते वरिष्ठांकडून मुंबईस आणि तेथून लंडनच्या इंडिया ऑफिसच्या भांडारखात्याकडे जावयाचे, लॅम्बेथ येथील त्यांच्या कोठारात माल तपासून जहाजावर चढावयाचा, आणि त्याची किंमत हिंदुस्थानच्या महसुलातून ‘होम चार्जेस’च्या खाती वळती व्हावयाची. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या ओघळाचा हिशेब मांडला, त्यात ही भांडारखरेदी एक रकम म्हणून येते. १८६३ च्या सुमारास लोहमार्ग भुसावळपर्यंत येऊन ठेपला होता. यावलपासून ती मजल कितीशी? बैलगाडीने काही तासांच्या अंतरावर विलायती कागदाच्या गठ्ठ्यांचे ठाणे झाले.

मात्र सारा दोष वुडसाहेबांच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. सरकारी कामात छापील नमुने आले, आणि छापखान्याच्या यंत्राला सर्वत्र एकाच जाडीचा, एकाच मापाचा ताव लागतो. कागद्याच्या मनगटाचा हेलकावा कितीही साधला, तरी दोन ताव तंतोतंत सारखे निघत नाहीत. बोरूला जी झिलई मानवे ती छपाईच्या शाईला मानवेना. शिवाय अनेक कारागृहांतून कैद्यांकडून कागद करवून घेण्याची चाल पडली होती, आणि ज्याला मजुरीच द्यावयाची नाही त्याच्याशी दराची स्पर्धा कोण करणार? गिरणीच्या स्वस्त कागदापुढे यावलचा ताव केव्हा ना केव्हा हरलाच असता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मात्र धंद्याला आपले रूप बदलण्यास, साचा सुधारण्यास, दोन-चार हौद एकत्र करून मोठा कारखाना काढण्यास जी वीस-पंचवीस वर्षे लागतात, तेवढी वर्षे खात्रीचे गिऱ्हाईक हाती असावे लागते; नेमकी तीच वर्षे त्या हुकमाने खाल्ली. पुढे कलकत्त्याजवळ टिटाघर येथे १८८२ मध्ये आणि पुण्याजवळ मुंढव्यास १८८५ मध्ये गिरण्या उभ्या राहिल्या, देशी माल घेण्याविषयी सरकारचा सूरही हळूहळू नरमला. पण तोवर लाभ झाला तो गिरण्यांना. कागदी त्या पंक्तीत नव्हता.

१९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगाने सरकारी खरेदी देशातच व्हावी, असे आग्रहाने सांगितले; १९२२ मध्ये ‘इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते निघाले; आणि १९३१ पासून रुपयांत निविदा मागवून हिंदुस्थानातच माल ताब्यात घेण्याची पद्धत रूढ झाली. इतिहासात या पायऱ्या महत्त्वाच्या आहेत; यावलच्या दृष्टीने त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे घडले ते १९३६ च्या डिसेंबरात, आणि तेही याच तालुक्यात. काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच शहर सोडून खेड्यात भरले ते फैजपुरास. धनाजी नाना चौधरींसारख्या खानदेशी कार्यकर्त्यांनी रान उठविले, पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष झाले, आणि गांधीजींनी अट घातली की नगर उभारावयाचे ते खेड्यातल्या वस्तूंनी आणि खेड्यातल्या हातांनी. शांतिनिकेतनाहून नंदलाल बसू आले. बांबू, चटया, दोर, टोपल्या, मातीची भांडी, जे सामान या भागातल्या बुरुडाच्या, कुंभाराच्या आणि सुताराच्या दारी सहज मिळे, त्यातूनच त्यांनी टिळकनगराला शोभा आणली. शेजारी खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले होते, त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. या अधिवेशनाची आठवण शेतकरी कार्यक्रमासाठी काढतात, त्या बंगाली चित्रकारासाठी काढतात. मला ते आणखी एका कारणाने मोठे वाटते. उद्या राज्य चालविण्याची उमेद धरणाऱ्या संस्थेने आपली स्वतःची खरेदी कोणाकडून करावयाची, याचा तो जाहीर धडा होता.

दोन वर्षांपूर्वी, १९३४ मध्ये, वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि जो. कॉ. कुमारप्पा त्याची धुरा वाहत होते. बुडत्या धंद्यांच्या त्यांच्या यादीत हातकागद होता. वर्ध्याच्या मगनवाडीत हौद बांधले गेले, १९४० मध्ये पुण्यास हातकागदाचे केंद्र निघाले, आणि स्वातंत्र्यानंतर संविधानाची जी हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुंदर अक्षरांत लिहिली, तिचा कागद याच पुण्याच्या केंद्रातून गेला. दप्तराने एकदा दार लावलेला कागद राज्याच्या सर्वोच्च दस्तऐवजासाठी परत आत बोलाविला गेला, ही एक चांगली गोष्ट घडली. फक्त तोवर यावलचे हौद कोरडे झाले होते.

स्वतंत्र भारतात लहान उद्योगास सरकारी खरेदीत हक्काची जागा असावी, या विचाराला प्रथम बळकट पाया दिला तोही एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने. प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्राम व लघुउद्योग समितीने १९५५ मध्ये, मोठ्या कारखान्यांच्या आणि लहान उत्पादकांच्या क्षेत्रांची वाटणी करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ निघाले आणि नोंदलेल्या लहान कारखान्यांकडून सरकारी सामान घेण्याची योजना सुरू झाली. महाराष्ट्राने १९६२ मध्ये आपले लघुउद्योग विकास महामंडळ स्थापिले. त्या काळी लहान उद्योग म्हणजे पाच लाखांपर्यंतचे भांडवल आणि वीज वापरत असल्यास पन्नासांहून कमी कामगार. आज, १ एप्रिल २०२५ पासून, शंभर कोटी रुपयांपर्यंत उलाढाल करणारा कारखानाही कायद्याच्या लेखी ‘लघु’ ठरतो. रुपयाची किंमत घटली हे मान्य. तरीही छापरी हाती घेऊन उभ्या असलेल्या कागद्याला आणि शंभर कोटींच्या धन्याला एकाच बाकावर बसविणारा शब्द जरा जास्तच ताणला गेला आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

२००६ च्या कायद्याने या क्षेत्राला एकत्र व्याख्या दिली, आणि त्याच कायद्याच्या आधारे २०१२ मध्ये केंद्र सरकारने खरेदीधोरणाचा आदेश काढला. केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडूनच घ्यावयाचा. तो हिस्सा २०१५ पासून वीस टक्के सक्तीचा झाला आणि २०१८ च्या अखेरीस पंचवीस टक्क्यांवर गेला. त्यात अनुसूचित जातिजमातींच्या उद्योजकांसाठी चार टक्के आणि स्त्रियांसाठी तीन टक्के निराळे राखले. ३५८ जिनसा अशा ठरविल्या, की त्या फक्त या उद्योगांकडूनच घ्याव्या. विजेच्या तारांपासून रुग्णवाहिकेतील स्ट्रेचरपर्यंत आणि झाडूपासून कागदी पाकिटांपर्यंत नाना तऱ्हेचे सामान त्या यादीत आहे. निविदेतील सर्वांत कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत चढा दर देणाऱ्या लहान उद्योगास, तो दर उतरविण्यास कबूल झाल्यास, मागणीचा वाटा देता येतो. निविदेचा अर्ज त्याला विनामूल्य आणि अनामत रकमेची माफी. ‘मध्यम’ उद्योगाचे नाव कायद्यात आहे, पण या सवलतीत नाही, ही बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत १९५३ च्या कायद्यापासून हीच वाट चालत आली आहे आणि तेथील संघसरकारने लहान उद्योगांसाठी तेवीस टक्क्यांचे उद्दिष्ट धरले आहे, तेव्हा आपण काही जगावेगळे करतो आहोत असे नाही.

नियम कागदावर चोख आहेत. परंतु चार्ल्स वुडच्या हुकमाने जो धडा दिला, तो अद्याप जुना झालेला नाही. राष्ट्रध्वज हातसुती खादीचाच असावा, या एका नियमावर नांदेड आणि हुबळी येथील खादीसंस्थांतील चात्या आणि माग चालत आले. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरच्या, पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली. घरोघरी ध्वज लागावा हा हेतू कोणालाही आवडेल असाच होता. पण पुढच्याच वर्षी हुबळीच्या खादी कामगारांना त्या एका ओळीविरुद्ध आंदोलन करावे लागले.

आमच्या ओळखीचा एक दुकानदार तालुक्याच्या गावी कचेऱ्यांना फायली, खतावण्या, झाडू, शाईचे ठोकळे पुरवीत असे. आता संगणकावरच्या सरकारी बाजारात नाव नोंदल्यावाचून तेही चालत नाही, म्हणून पुतण्याला हाताशी धरून त्याने तेही केले. उद्यम नोंदणीचा दाखला त्याने दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली लावला आहे. त्याच्या गल्ल्यात एक लांबट वही असते, आणि तिच्या शेवटच्या पानांवर येणे बाकी असलेली बिले तारीखवार लिहिलेली आहेत. एका बिलापुढे चौदा महिन्यांपूर्वीची तारीख मी पाहिली. पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे, नाहीतर व्याजासह द्यावे लागतील, असे कायदाच सांगतो, हे मी त्याला बोललो. ‘ठाऊक आहे की दादा,’ तो म्हणाला, ‘परिषदेकडे अर्ज करता येतो तेबी ठाऊक आहे. पन पुढच्या मार्चात झाडू तिथेच द्यायचे ना मले?’ आणि त्याने वही मिटून, दोन वेटोळ्यांचा दोरा गुंडाळून, गल्ल्यात ठेवली.